इंग्रजीतली जाऊबाई

थोरलीचं दुकान म्हणजे एका जिन्याखालची दोन हात रुंद जागा. तिथे एक शिलाई मशीन, एक इस्त्री, भिंतीला उभा आरसा आणि पडद्यामागे कपडे बदलायचा कोपरा. तोही इतका अरुंद, की आत गेलेलं गिऱ्हाईक कोपर आपटून घेतल्याशिवाय बाहेर येत नसे. नवे कपडे ती शिवत नसे. कंबर सैल करणं, बाह्या आखूड करणं, चेन बदलणं, फाटलेलं रफू करणं अशी दुरुस्तीची कामं तिच्याकडे येत, आणि त्या कामात तिचा हात धरणारं आसपास कुणी नव्हतं. थोरली हे काही तिचं नाव नव्हे. दोन भावांतल्या मोठ्याची ती बायको, म्हणून सासरी आल्या दिवसापासून थोरली, आणि पुढे सगळ्या गल्लीनं तेच उचललं.

चौपन्नाव्या वर्षापर्यंत तिचं इंग्रजीवाचून काही अडलं नव्हतं. मग रस्त्यापलीकडे अकरा मजली काचेची इमारत उभी राहिली आणि तिच्यातून इंग्रजी बोलणारी माणसं हातात पँटी घेऊन जिन्याखाली यायला लागली. बरेच दिवस खाणाखुणांवर निभलं. एकदा एक जाडसर साहेब मशीनवर पँट ठेवून म्हणाला, "प्लीज, लेट इट आउट." थोरलीनं समजल्यासारखी मान डोलावली आणि सैल करायची ती पँट छानपैकी दोन इंच आत घेतली. दुसऱ्या दिवशी साहेब पडद्याआड गेला तो लवकर येईचना. आला तेव्हा श्वास रोखलेला, चेहरा लालबुंद, आणि कंबरेचं बटण हातात. साहेब स्वभावानं भला, पोट धरून हसला. थोरलीला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याच आठवड्यात तिनं वाचनालयाच्या माडीवर भरणाऱ्या इंग्रजीच्या वर्गात नाव घातलं. मंगळवार आणि शुक्रवार, संध्याकाळी साडेपाच ते सात.

वर्गात अकराजण होते. शिकवणाऱ्या बाई थोरलीच्या मुलीच्या वयाच्या, सडपातळ, आणि कुणी चुकलं की जणू आपलंच चुकलं असा चेहरा करणाऱ्या. पुढच्या बाकावर एक निवृत्त पोस्टमन बसायचे. प्रश्न कुणालाही विचारलेला असो, उत्तर तेच द्यायचे. थोरली खिडकीजवळच्या बाकावर एकटीच बसायची. दोन महिन्यांत 'लेट आउट' आणि 'टेक इन' यांतला फरक तिला झोपेतसुद्धा सांगता यायला लागला, आणि एकदा तर दुकानात ती एका मडमेला "फ्रायडे, शुअर, नो टेन्शन" असं म्हणाली आणि नंतर दिवसभर स्वतःवर खूश राहिली.

सातव्या धड्याच्या दिवशी बाईंनी फळ्यावर लिहिलं, 'बिघडलेली नाती आणि पैसा: शब्द व वाक्प्रचार'. एवढ्यात दार उघडलं आणि बसड्रायव्हरचा निळा शर्ट घातलेली एक उंचनिंच बाई चौकटीत उभी राहिली.

"माझी ड्युटीची पाळी बदलली," ती म्हणाली. "सकाळच्या वर्गाला जमणार नाही, म्हणून मला इकडे पाठवलंय."

थोरलीच्या हातातली पेन्सिल खाली पडली. ती होती धाकटी. तिच्या दिराची बायको, तिची सख्खी जाऊ, आणि सहा वर्षं झाली, दोघींत एका अक्षराचं बोलणं नव्हतं.

"या ना," बाई म्हणाल्या. "तिकडे खिडकीजवळ जागा आहे बघा."

सहा वर्षांपूर्वीपर्यंत दोघी जावांचं असं होतं, की एकीला ठसका लागला तर दुसरीनं पाणी प्यावं. जिन्याखालच्या दुकानात तेव्हा दोन मशिनी होत्या, दुसरीवर धाकटी बसायची. बाजाराच्या कोपऱ्यावरचा मोठा गाळा भाड्यानं घ्यायचं दोघींनी ठरवलं होतं. त्याच्या अनामत रकमेसाठी दोघी मिळून एका पत्र्याच्या डब्यात पैसे टाकत. थोरलीनं तर गाळ्यात जाऊन मोजपट्टीनं भिंती मोजून ठेवल्या होत्या, आरसा कुठे, कापाकापीचं टेबल कुठे, सगळं ठरलेलं. मग गाळ्याचा मालक सही करायला घरी आला, थोरलीनं कपाटावरून डबा काढला, आणि डबा अर्धा रिकामा. घरात दोघी, दोघींचे नवरे, मालक आणि मालकाचा मेहुणा. धाकटी खाली मान घालून म्हणाली, "मी घेतले. महिन्या-दोन महिन्यांत परत टाकणार होते." मालक कसंनुसं हसला. त्या हसण्यानं थोरलीच्या डोक्यात तिडीक गेली आणि सगळ्यांदेखत तिच्या तोंडून एकच शब्द बाहेर पडला, "चोर."

धाकटीनं दहा आठवड्यांत डबा पुरा भरून दिला. गाळा तोवर एका चपलावाल्यानं घेतला होता. धाकटी वेगळी राहायला गेली आणि जाताना नवऱ्याकरवी निरोप ठेवून गेली, की तो शब्द मागे घेतल्याशिवाय त्या बाईंशी मी बोलणार नाही. थोरलीचा उलट निरोप तयारच होता, की न विचारता घेतले हे चुकलं असं ती म्हणेपर्यंत मी तिचं तोंड बघणार नाही. आपापलं म्हणणं दोघींना पटलेलं, त्यामुळे तिथेच अडकून पडलं होतं.

आणि आता ते तोंड तिच्याच बाकावर, वीतभर अंतरावर येऊन बसलं होतं. शर्टाला डिझेलचा आणि साबणाचा वास. थोरलीनं दप्तर मधे ठेवलं.

बाईंनी पहिला शब्द विचारला, "कोल्ड शोल्डर. कुणाला माहितीये?"

पोस्टमनांनी चक्क नकारार्थी मान हलवली. थोरलीला मात्र हा शब्द पक्का माहीत होता. ती उठून म्हणाली, "ब्लाउज. खांद्यावर खिडकी कापलेली असते. मुली घालतात. हिवाळ्यात मग सर्दी होते."

सगळा वर्ग हसला. बाईसुद्धा हसल्या आणि म्हणाल्या, "तोही आहेच. पण इथे अर्थ असा, की ओळखीच्या माणसाकडे मुद्दाम दुर्लक्ष करायचं. समोर असून नसल्यासारखं वागायचं."

थोरली खाली बसली. शेजारच्या निळ्या शर्टाचा खांदा किंचित हलल्यासारखा तिला वाटला. हसली की काय ही?

मग शब्दांची रांगच लागली. 'फॉल आउट' म्हणजे बिनसणं. 'ऑन द रॉक्स' म्हणजे संसाराचं जहाज खडकावर आदळलेलं. 'टाइट-फिस्टेड' म्हणजे पैसा सुटता सुटत नाही असा चिकट माणूस. 'मेक एंड्स मीट' म्हणजे महिन्याची तोंडमिळवणी. हे मात्र थोरलीला न सांगता कळलं. कमरपट्ट्याची दोन टोकं जुळत नसली की माणसाचं काय होतं, ते तिनं डोळ्यांनी पाहिलेलं होतं.

"आता जोडीजोडीनं संवाद वाचा," बाई म्हणाल्या आणि कागद वाटले. "ए आणि बी मित्र आहेत. पैशावरून त्यांचं बिनसलंय."

थोरलीनं दाराकडे पाहिलं. उठून जावं, तर फी भरलेली. शिवाय सगळ्यांसमोर काय सांगणार? तिनं मनाशी हिशेब केला. न बोलायची शपथ घेतलीय खरी, पण छापील कागद मोठ्यानं वाचणं म्हणजे काही बोलणं नव्हे. तिनं घसा साफ केला.

"आय ॲम व्हेरी डिसअपॉइंटेड इन यू," ती कागदाला म्हणाली. मी तुझ्यावर फार नाराज आहे.

"यू नेव्हर लिसन टू मी," धाकटी आपल्या कागदाला म्हणाली. तू माझं कधी ऐकूनच घेत नाहीस.

"यू टुक माय मनी."

"यू आर शाउटिंग."

कागदावर लिहिलं होतं तेवढंच दोघी वाचत होत्या, पण आवाज हळूहळू चढत गेला. बाकीच्या जोड्या गप्प होऊन माना वळवून बघायला लागल्या. संपलं तेव्हा पोस्टमनांनी टाळ्या वाजवल्या. बाई भारावून म्हणाल्या, "किती मनापासून वाचलंत. असा भाव आणायला लोकांना वर्ष लागतं. तुम्ही दोघी आता शेवटपर्यंत एकाच जोडीत राहायचं."

त्या संध्याकाळी नवऱ्यानं विचारलं, "काय शिकलीस आज?" तो कुलुपं-किल्ल्या दुरुस्त करायचा, आणि जेवताना रोज हा प्रश्न न चुकता विचारायचा.

"भांडण," थोरली म्हणाली.

"ते तुला येतंच की."

"इंग्रजीत," ती म्हणाली, आणि पुढे काही सांगितलं नाही.

शुक्रवारी बाईंनी सगळ्यांना स्वतःची वाक्यं करायला लावली. शब्द होता 'सस्पिशस', संशयास्पद. प्रत्येकानं जोडीदाराला आपल्या घरातली एक संशयास्पद गोष्ट सांगायची होती. थोरली बराच वेळ पेन्सिल चावत बसली. शेवटी तिला अगदी खरं वाक्य सुचलं, आणि वाक्य जमल्याच्या आनंदात समोर कोण आहे याचा विसर पडून ती म्हणून गेली, "एव्हरी सॅटर्डे माय हजबंड गोज टू द बार्बर. ही हॅज नो हेअर."

दर शनिवारी माझा नवरा न्हाव्याकडे जातो, आणि त्याच्या डोक्यावर एक केस नाही.

धाकटीनं डोळे मोठे केले. मग एकेक शब्द सावकाश उचलून ठेवावा तशी म्हणाली, "माय हजबंड ऑल्सो गोज. एव्हरी सॅटर्डे. टू आवर्स."

दोघी एकमेकींकडे बघतच राहिल्या. दोघे भाऊ. दर शनिवारी. बायकांचा अबोला, म्हणून नवऱ्यांचीही घरी येजा बंद, आणि हे दोघे सहा वर्षं न्हाव्याच्या खुर्च्यांवर बसून गप्पा छाटत होते. थोरलीला आधी राग आला. मग आपला तुळतुळीत नवरा गळ्याभोवती पांढरं फडकं बांधून ऐटीत बसलाय असं चित्र तिच्या डोळ्यांसमोर आलं आणि तिला जे हसू फुटलं ते काही केल्या आवरेना. धाकटी तर बाकावर डोकं टेकून हसत होती. बाई धावत आल्या. "काय झालं? कुठला शब्द अडला?"

"नथिंग, मिस," धाकटी डोळे पुसत म्हणाली. "व्हेरी सस्पिशस."

पण वर्ग सुटल्यावर, जिना उतरताना, दोघी पुन्हा दोन टोकांना. घरच्या भाषेतला अबोला जिथल्या तिथे होता. हसलं इंग्रजीत होतं, त्यामुळे ते धरायचं की नाही हे दोघींनाही ठरवता येईना.

पुढच्या आठवड्यात बाईंनी परीक्षेचं सांगितलं. पंचवीस तारखेला प्रत्येक जोडीनं पाच मिनिटांचा स्वतः रचलेला संवाद करून दाखवायचा, त्यात शिकलेले आठ वाक्प्रचार यायला हवेत. थोरलीला सर्टिफिकेटाची फारशी फिकीर नव्हती. पण त्याच तासाला धाकटीनं बाईंना विचारलेलं तिनं ऐकलं, "सर्टिफिकेट तीस तारखेच्या आत मिळेल ना? कंपनीत ड्रायव्हरांना शिकवायच्या जागेसाठी अर्ज करायचाय. मी पहिलीच बाई असेन."

रात्रभर थोरलीच्या मनात ते घोळत राहिलं. बुधवारी दुपारी तिनं दुकानाला कुलूप लावलं आणि धाकटीच्या बसच्या थांब्यावर जाऊन उभी राहिली. बस आली, दार फुसकन उघडलं. धाकटीनं तिला पाहिलं आणि स्टेअरिंगवरचे हात तसेच राहिले.

"प्रॅक्टिस," थोरली म्हणाली, तिकीट काढलं आणि ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसली.

शेवटच्या थांब्यावर बस पंधरा मिनिटं उभी राहायची. माणसं उतरून जायची, इंजिन बंद व्हायचं, आणि रिकाम्या बसमध्ये दोघी जावा वह्या घेऊन समोरासमोर बसायच्या. असं रोज सुरू झालं. नियम कुणी घातला नव्हता, पण दोघी कसोशीनं पाळत होत्या. जे काही बोलायचं ते इंग्रजीत. त्यामुळे फार गमतीही होत. धाकटीनं डबा उघडून "ईट?" म्हणावं, थोरलीनं "लिटल" म्हणून निम्मा संपवावा. एकदा उन्हानं थोरलीचा जीव कासावीस झाला तेव्हा 'खिडकी सरकव' हे तिला येईना. तिनं नुसतं "विंडो, विंडो, आय डाय" म्हणून भागवलं.

एक गोष्ट पहिले दोन दिवस तिला खुपली. धाकटी तिला 'यू' म्हणायची. लग्न होऊन आल्यापासून तिनं थोरलीला 'अहो ताई, तुम्ही' याशिवाय हाक मारली नव्हती. मग थोरलीच्या लक्षात आलं, की आपणही तिला 'यू'च म्हणतोय. इथे मोठं कुणी नव्हतं, धाकटं कुणी नव्हतं. तिला जरा सैल झाल्यासारखं वाटलं.

संवादात पैसे उसने घेण्याचा प्रसंग होता, आणि घोडं नेमकं तिथे अडलं. 'लेंड' आणि 'बॉरो' यांत थोरली हमखास चुकायची. "यू लेंड माय मनी," ती म्हणाली.

"नो," धाकटी म्हणाली. "लेंड इज गिव्ह. बॉरो इज टेक अँड रिटर्न."

"ओके. यू बॉरो माय मनी."

"येस," धाकटी म्हणाली. मग वहीतून मान वर करून, एकदम हळू आवाजात, "बॉरो. नॉट थीफ. बॉरो."

हे वाक्य संवादात नव्हतं.

"यू डिडंट आस्क," थोरली म्हणाली.

"आय केम टू आस्क. थ्री टाइम्स."

"व्हेन?"

धाकटीला सांगायचं पुष्कळ होतं आणि शब्द मोजके होते. ती शब्दकोशाची पानं उलटत, थांबत थांबत बोलत गेली, आणि थोरलीला आयुष्यात प्रथमच तिचं बोलणं मधेच न तोडता ऐकावं लागलं, कारण मधे तोडायला तिच्याकडेही शब्द नव्हते. डब्यातले पैसे ड्रायव्हिंग शाळेच्या फीला लागले होते. अवजड गाड्यांच्या वर्गात एक जागा रिकामी झाली होती आणि मुदत तीन दिवसांची होती. विचारायला ती खरंच तीनदा आली. पहिल्यांदा थोरलीच्या तोंडात टाचण्या होत्या, तिनं हातानंच 'नंतर' म्हटलं. दुसऱ्यांदा दुकानात गिऱ्हाईक होतं. तिसऱ्यांदा थोरली गाळ्यात होती, हातात मोजपट्टी, आणि म्हणत होती की तुझं मशीन इथे, उजेडात ठेवू.

"यू वेअर सो हॅपी," धाकटी म्हणाली. मग तिनं शर्टाचं बटण चिमटीत धरून दाखवलं. "आय हेट धिस. बटन्स. हेमिंग. ऑल. नाइन इयर्स आय हेट. आय वॉन्ट बस. हाउ टू टेल यू?"

थोरलीनं त्या बटणाकडे पाहिलं. नऊ वर्षं ही शेजारच्या मशीनवर बसून बटणं लावत होती, आणि सगळी तिरपी लावायची. थोरली ती गुपचूप उसवून पुन्हा लावायची. आपण हिला कला शिकवतोय, असंच तिला वाटत आलं होतं. फी मागायची तर हिला हेही सांगावं लागलं असतं, की ताई, मला तुमचं दुकान नको, गाळा नको. आणि ते ऐकून घेणारी थोरली तेव्हा अस्तित्वात नव्हती, हे तिला मान्य करावंच लागलं.

आदल्याच शुक्रवारी बाईंनी 'शुड हॅव' शिकवलं होतं. करायला हवं होतं पण केलं नाही, करायला नको होतं पण केलं, असं सगळं त्यात मावतं. थोरलीनं वही मिटली. वाक्य तिनं मनात दोनदा बांधून बघितलं, टाके मोजावेत तसे शब्द मोजले.

"आय शुड नॉट हॅव सेड दॅट वर्ड," ती म्हणाली. "इन फ्रंट ऑफ पीपल. ऑर ॲट होम. एनीव्हेअर."

धाकटीनं खिडकीकडे तोंड फिरवलं. मग घोगऱ्या आवाजात ती म्हणाली, "आय शुड हॅव आस्क."

"आस्क्ड," थोरली म्हणाली. "ई डी."

"आस्क्ड," धाकटी म्हणाली, आणि वळली तेव्हा हसत होती आणि गाल ओले होते. "काय हो ताई, इथेसुद्धा उसवून परत शिवताय."

सहा वर्षांनी कानावर पडलेलं ते 'ताई'. थोरलीनं तिचा हात हातात घेतला आणि दाबत राहिली. खाली दाराशी माणसं जमली होती. एकानं काचेवर टकटक केलं. त्या दिवशी धाकटीची बस चार मिनिटं उशिरा सुटली, नोकरीत पहिल्यांदाच.

शनिवारी दोघी मिळून न्हाव्याच्या दुकानात गेल्या. दोघे भाऊ शेजारशेजारच्या खुर्च्यांवर पाय पसरून बसले होते. धाकटीचा नवरा खिडक्यांच्या काचा बसवायचा, त्याच्या डोक्यावर निदान कडेला तरी केस होते. आरशात बायका दिसल्या तसे दोघे असे ताठ झाले, की न्हाव्यानं वस्तरा बाजूला ठेवला.

"मी... दाढीला आलोय," कुलूपवाला म्हणाला.

"गुड आफ्टरनून," थोरली म्हणाली आणि धाकटीकडे वळली. "ही इज व्हेरी सस्पिशस."

"व्हेरी," धाकटी म्हणाली. "लुक, नो हेअर."

दोघे भाऊ एकदा या बाईकडे, एकदा त्या बाईकडे बघायला लागले. काय बोलतायत ते कळत नव्हतं, पण एकमेकींशी बोलतायत एवढं मात्र लख्ख दिसत होतं. काचवाल्यानं गळ्याचं फडकं सोडलं, उठला, आणि थोरलीच्या पाया पडायचं की तिच्यासाठी खुर्ची पुसायची हे न ठरवता आल्यामुळे फडक्यानं खुर्चीच पुसत सुटला. "वहिनी, बसा," तो म्हणाला. "बसा ना वहिनी." न्हाव्यानं सांगितलं, की सहा वर्षांचं गिऱ्हाईक असून या दोघांनी आजवर एकही कटिंग केलेली नाही, पण बोलण्याचे पैसे चोख देतात.

परीक्षेच्या दिवशी बाईंबरोबर वाचनालयाचे मुख्य ग्रंथपाल बसले होते. जोड्या पुढे येऊन बोलून जात होत्या. धाकटी थोरलीच्या कानाशी म्हणाली, "ताई, मी चाळीस माणसं रोज घाटातून उतरवते, आज मला कापरं भरलंय." थोरली म्हणाली, "माझ्याकडे बघून बोल. त्यांना विसर."

संवाद त्यांनी दोन बहिणींचा लिहिला होता. मोठी चिक्कू, धाकटी उधळी. पहिली दोन मिनिटं ठरल्याप्रमाणे गेली. 'टाइट-फिस्टेड' आलं, 'ऑन द रॉक्स' आलं. मग थोरली एक वाक्य विसरली. तिनं धाकटीकडे पाहिलं आणि कागदावर नसलेलंच बोलायला लागली. "यू वेअर व्हेरी बॅड विथ बटन्स," ती म्हणाली. "ऑल क्रुकेड. आय नेव्हर टोल्ड यू."

"आय न्यू," धाकटी म्हणाली. "आय सॉ यू ओपन देम. एव्हरी डे."

"व्हाय डिड यू नॉट से?"

"आय डिड नॉट वॉन्ट टू फॉल आउट विथ यू."

"बट वी फेल आउट."

"येस. लाइक टू डॉंकीज."

वर्गात हशा पिकला. पोस्टमन मात्र हसत नव्हते. ते रुमाल काढून चष्मा पुसत होते. ग्रंथपालांनी विचारलं, की ही कथा कुठल्या पुस्तकातली. बाई या दोघींकडे टक लावून बघत होत्या. शेवटी त्यांनी विचारलं, "तुम्ही दोघी एकमेकींना आधीपासून ओळखत होता?"

"थोडंसं," थोरली म्हणाली.

दोघी पास झाल्या. वाक्प्रचार आठाऐवजी सहाच आले होते, पण बाईंनी गाढवं धरून सात मोजले आणि आठवा सोडून दिला. पुढल्या महिन्यात कंपनीनं धाकटीला शिकवायच्या जागेवर घेतलं. जिन्याखाली आता साहेब मंडळी आली की थोरली 'इन' आणि 'आउट' दोन्ही वेळा बोटानं दाखवून खात्री करून घेते, आणि वर हवापाण्याच्या चार गोष्टीही बोलते. घरी नवऱ्यांबद्दल काही बोलायचं असलं की दोघी त्यांच्यासमोरच इंग्रजीत बोलतात. दोघे भाऊ हल्ली फार जपून वागतात. कुलूपवाला तर वर्गाची चौकशीही करून आला म्हणतात.

पण हे सगळं नंतरचं. निकालाच्या संध्याकाळी दोघी वाचनालयातून निघाल्या त्या बसनं न जाता चालतच निघाल्या. सहा वर्षांचं साचलेलं होतं. थोरलीच्या मुलीची नोकरी, धाकटीच्या मुलाचा दुखरा गुडघा, कोण कुणाशी फटकून वागतं, कुणाचं जमलं, कुणाचं फिसकटलं. धाकटीच्या मार्गावरची बस मागून आली, ड्रायव्हरनं ओळखून हॉर्न दिला, आणि दोघींपैकी एकीनंही वळून पाहिलं नाही.

धाकटीचं घर तिसऱ्या मजल्यावर. थोरलीनं ते आजवर पाहिलंच नव्हतं. धाकटीनं दिवा लावला, खुर्चीवरची वर्तमानपत्रं उचलली, "बसा ताई, पाणी आणते" म्हणून आत गेली. परत आली तेव्हा थोरली बसलेली नव्हती. ती खिडकीशी उभी होती आणि पडद्याची खालची कड बोटांत धरून उजेडात बघत होती.

"हे कुणी शिवलं?"

"विकतचे आहेत," धाकटी म्हणाली. "दुकानातून आणले."

"एका बाजूला चार बोटं जास्त सोडलंय. आणि हा धागा बघ, ओढला की सगळं येईल हातात." थोरलीनं चपला काढल्या आणि स्टूल पुढे ओढलं. "धर हे. सगळे काढते खाली, जाताना घेऊन जाते मी."

"ताई, पाणी तरी प्या आधी."

"पिते. तू धर."

धाकटीनं पेला ठेवला, स्टूल दोन्ही हातांनी धरलं, आणि चौपन्न वर्षांची थोरली पदर खोचून वर चढली.